संतत्वाचा निवाडा

संत कोणास म्हणावें, हा प्रश्न आम्हां मराठवाड्यांतील लोकांस सहसा पडत नाहीं. गंगाखेडच्या जनाबाईचें संतपण कोणत्याही धर्मपीठानें चौकशी करून ठरविलें नाहीं. तें जात्यावर बसणाऱ्या बायकांनीं ठरविलें. रोमन चर्चची रीत निराळी. वसईचे गोन्सालो गार्सिया १५९७ सालीं नागासाकी येथें क्रुसावर मारले गेले. त्यांस संतपद मिळावयास १८६२ साल उजाडलें.

पंडिता रमाबाईंचा विचार करतांना या दोन्ही रीती अपुऱ्या पडतात. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या कन्येस १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं ‘सरस्वती’ म्हणून गौरविलें. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. तेथील भगिनीसंघ अँग्लिकन, पण कॅथॉलिक वळणाचा व आज्ञापालनास जपणारा होता. बाईंनीं धर्म स्वीकारला, बुद्धि मात्र गहाण टाकली नाहीं. त्रैक्याच्या सिद्धान्तावरून त्यांचा गुरुभगिनींशींच वाद झाला.

स्वदेशीं दुसरा वाद वाट पाहत होता. शारदासदनांतील मुलींवर ख्रिस्ती धर्माची छाप पडते, या कारणानें १८९३ सालीं रानडे व भांडारकर सल्लागार मंडळांतून बाहेर पडले. विश्वासानें मुली धाडणाऱ्या कुटुंबांचा संताप निराधार होता, असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु ज्या बाईंचे आईबाप दुष्काळानें नेले, त्याच बाई १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांत हिंडून अनाथ मुली गोळा करीत होत्या, हेंही विसरतां येत नाहीं. पुढें केडगांवच्या मुक्तिसदनांत १९०५ सालीं प्रार्थनेची लाट उसळली, मुली देहभान विसरून रडूं-गाऊं लागल्या. कीर्तनाचा रंग पाहिलेल्या वाचकांस त्याचें नवल वाटूं नये.

हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, अल्पशिक्षित बायकांनाही कळेल अशा मराठींत बायबल आणण्याचें काम करीत बाईंनीं ५ एप्रिल १९२२ रोजीं देह ठेविला. ज्या चर्चच्या अधिकाराशीं त्या भांडल्या, त्याच चर्चच्या पंचांगांत आज ३० एप्रिल हा त्यांचा स्मरणदिन आहे. आम्ही मात्र त्यांस ‘पंडिता’ म्हणून थांबतों. विद्वत्तेचा मान देणें सोपें असतें. धर्म सोडून गेलेल्या माणसाची भक्ति मान्य करणें अवघड. जनाबाईचें जातें ओढावयास देव आला, असें आम्ही श्रद्धेनें मानतों. मग केडगांवच्या चुलीपाशीं तो आलाच नसेल, असें कोणत्या तोंडानें म्हणावें?