परदेशी प्राणी आणि क्वारंटाइनचा इतिहास

सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगामुळे महाराष्ट्रातील गुरांचे बाजार बंद करण्यात आले. बीड जिल्ह्यातील नारायणगडच्या परिसरातील शेतकऱ्यालाही बाजारात बैल नेता येईना. हा रोग मूळचा आफ्रिकेतला. आजच्या झांबियात १९२९ साली त्याची प्रथम नोंद झाली आणि २०१९ मध्ये तो भारतात आढळला. प्राण्यांचे रोग देशांच्या सीमा मानत नाहीत, हे यावरून दिसते. म्हणूनच प्राणिसंग्रहालयासाठी परदेशातून आणलेला प्राणी लगेच इतर प्राण्यांत सोडत नाहीत. काही काळ वेगळा ठेवतात. यालाच क्वारंटाइन म्हणतात. हा नियम कसा घडत गेला ते आपण पाहू.

प्लेगच्या प्रदेशातून येणाऱ्यांना ३० दिवस शहराबाहेर ठेवण्याचा हुकूम रागुसा (आजचे दुब्रोवनिक) या बंदराने १३७७ साली काढला. पुढे ही मुदत ४० दिवसांची झाली. इटालियन भाषेत ‘क्वारांता’ म्हणजे चाळीस. त्यावरून हा शब्द आला. त्या काळी रोगजंतू ठाऊक नव्हते. आज ही मुदत ठरवताना रोगाचा अधिशयन काळ, म्हणजे जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, विचारात घेतात.

प्राण्यांबाबत जगाला जाग आली ती एका संकटामुळे. १९२० साली हिंदुस्थानातून ब्राझीलला निघालेली वशिंडाची गुरे वाटेत बेल्जियममधील अँटवर्प बंदरात उतरली आणि तेथे बुळकांडीची साथ पसरली. एका देशाने एकट्याने दारे लावून भागत नाही, हे उमगल्यावर २५ जानेवारी १९२४ रोजी २८ देशांनी पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन केली. तीच आजची जागतिक पशुआरोग्य संघटना. २०११ साली बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले.

आपल्याकडे पशुधन आयातीचा कायदा १८९८ सालचा आहे. त्याचा हेतू रोग रोखणे हा. वन्य प्राण्यांच्या बाबतीत दुसरा प्रश्नही येतो: या व्यापारामुळे ती जातच नष्ट होणार नाही ना? त्यासाठी ‘साइट्स’ हा आंतरराष्ट्रीय करार १९७५ साली अमलात आला व १९७६ मध्ये भारत त्यात सामील झाला. १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. त्याच्या परवानगीवाचून प्राणिसंग्रहालयाला प्राणी घेता वा देता येत नाही.

केवळ दिवस मोजून मात्र भागत नाही. आफ्रिकी अश्वरोगाचा विषाणू झेब्र्याच्या शरीरात असला तरी बहुधा लक्षणे दिसत नाहीत. हा रोग बारीक चावऱ्या माश्यांमार्फत पसरतो. १९६० साली तो भारतात शिरला तेव्हा घोडे व खेचरे मोठ्या संख्येने मेली. अशा प्राण्यासाठी रक्ततपासणी हवी आणि माश्यांना अटकाव करणारी जाळीही हवी.

मुंबईच्या राणीच्या बागेचे उदाहरण आणखी एक गोष्ट शिकवते. २६ जुलै २०१६ रोजी दक्षिण कोरियातील सोल येथून तेथे आठ हम्बोल्ट पेंग्विन आले व त्यांना थंड केलेल्या स्वतंत्र कक्षात ठेवले गेले. २३ ऑक्टोबरला त्यांतील एक मादी जिवाणूसंसर्गाने दगावली. उरलेले सात मार्च २०१७ मध्ये लोकांना पाहायला मिळाले. येणाऱ्या प्राण्याबरोबर रोग शिरू नये, हे क्वारंटाइनचे काम. नव्या हवापाण्यात त्या प्राण्याला जगवणे ही पुढची जबाबदारी. ती दिवस भरले म्हणून संपत नाही.

शिक्षकांनी वर्गात एक प्रश्न विचारून पाहावा. एखाद्या रोगाची लक्षणे दिसायला २१ दिवसांपर्यंत लागत असतील, तर १४ दिवसांचे क्वारंटाइन पुरेल काय? आणि पंधराव्या दिवशी त्याच कक्षात आणखी एक नवा प्राणी आणला, तर दिवस कोठून मोजायचे? उत्तर शोधताना या नियमामागचे विज्ञान मुलांच्या हाती आपोआप लागेल.