कव्हर घातलेले पुस्तक

काही वर्षांपूर्वी वराळ्याच्या एका माजी विद्यार्थ्याने माझ्याकडून नेलेले पुस्तक परत आणून दिले. त्याला वर्तमानपत्राचे कव्हर होते. ते पुस्तक जपण्यासाठी नव्हते; तळेगावहून पुण्याला जाणाऱ्या लोकलमध्ये शेजाऱ्याला नाव दिसू नये यासाठी होते. पुस्तक म्हणजे बिंदुमाधव खिरे यांची ‘पार्टनर’ ही कादंबरी. जाताना तो एवढेच म्हणाला, “सर, मला वाटायचं, असा मी एकटाच.”

या ‘एकटाच’ला मराठीत जुना इतिहास आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले. वाचक त्यात खाजगी शंका विचारीत. समलिंगी संबंधांविषयीही विचारीत. अशाच प्रश्नोत्तरांवरून १९३४ साली कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. लैंगिक विषयावरील प्रत्येक लेखन अश्लील ठरत नाही, हा त्यांचा मुद्दा न्यायालयाला पटला नाही. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

कर्व्यांचे धैर्य निर्विवाद होते. तरीही शंकेला मिळणाऱ्या उत्तरात विचारणाऱ्याचे घर, त्याची आई, त्याची शाळा यांना जागा नसते. ‘हा रोग आहे का?’ याचे उत्तर मिळते. ‘मी कसा जगू?’ हा प्रश्न तसाच राहतो. पुढे विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ने स्त्रीवर प्रेम करणारी सुमित्रा १९८१ साली रंगभूमीवर आणली. पण तिची गोष्ट बापू सांगतो, आणि तिचा शेवट आत्मनाशात होतो. स्वतःला शोधणाऱ्या वाचकाला तिथे ओळख पटेल, आधार मिळणे कठीण.

खिरे यांनी २००२ साली पुण्यात ‘समपथिक ट्रस्ट’ स्थापन केला. त्यांच्या ‘मनाचिये गुंती’ या संकलनात समलिंगी व्यक्ती आणि त्यांचे आप्त स्वतःविषयी बोलतात. मला हा बदल फार महत्त्वाचा वाटतो. प्रश्न विचारणाराच आता निवेदक झाला. कलम ३७७ प्रौढांच्या संमतीने होणाऱ्या संबंधांनाही तेव्हा गुन्हा मानत होते. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना त्यातून मुक्त केले ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी. त्याआधी आपली गोष्ट सांगणे म्हणजे जोखीमच होती.

अर्थात, या गोष्टींनाही मर्यादा आहेत. त्यांत शहर अधिक आहे, पुरुष अधिक आहेत. मावळातल्या भातखाचरांवर राबणारी, स्थळे येऊ लागली की गप्प होणारी मुलगी त्यांत क्वचितच भेटते. निकालाने कायदा बदलला, तिचे घर नव्हे. तिला आपल्यासारखी कोणी सापडावी, यासाठी कोणीतरी आधी सांगायला हवे.

ते पुस्तक अजून माझ्या कपाटात आहे. कव्हर मी काढलेले नाही. पुढे नेणाऱ्याला कदाचित लागेल.