विद्यार्थ्यांच्या हातीं अणुभट्टी

वैद्यकाचा विद्यार्थी रुग्णाच्या नाडीवर बोट ठेवल्यावांचून वैद्य होत नाहीं, आणि गवंड्याचा शागीर्द भिंतीला ओळंबा लावल्यावांचून गवंडी होत नाहीं. अणुविद्येच्या बाबतींत मात्र ही साधी गोष्ट कित्येक वर्षें अशक्य होऊन बसली होती. २ डिसेंबर १९४२ रोजीं शिकागो विद्यापीठाच्या क्रीडांगणांत, प्रेक्षकांच्या सज्जाखालीं, एन्रिको फर्मी व त्यांचे सहकारी यांनीं ग्रॅफाइटच्या विटा रचून आपोआप चालू राहणारी पहिली साखळी-प्रक्रिया घडवून आणली. जागा विद्यापीठाची होती खरी. परंतु तें युद्धकाळांतील गुपित होतें, विद्यार्थ्यांचा पाठ नव्हे. युद्ध संपल्यावरही १९४६ च्या अमेरिकन कायद्यानें हें ज्ञान सरकारी कुलपांतच ठेविलें.

कुलूप लावून ज्ञान राखतां येतें. वाढवितां येत नाहीं. अणुभट्ट्या बांधावयाच्या तर त्या चालविणारे हात हवेत, आणि ते हात पुस्तकें वाचून तयार होत नाहींत. हा विचार मनांत बाळगणाऱ्यांपैकीं क्लिफर्ड बेक हे एक होते. ओक रिजच्या अणुकेंद्रांत काम केलेले हे पदार्थविज्ञ नॉर्थ कॅरोलिना राज्यांतील रॅले शहरीं असलेल्या स्टेट कॉलेजांत आले, आणि १९५० सालीं तेथें अणु-अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम सुरू झाला. सरकारी अणुशक्ति-आयोगानें इंधन द्यावें आणि भट्टी कॉलेजानें स्वतः बांधून चालवावी, अशी ही योजना होती.

परंतु जेथें शेंकडों तरुण रोज ये-जा करतात, त्या आवारांत अणुभट्टी ठेवावयाची कशी? या प्रश्नाचें उत्तर भट्टीच्या रचनेंतच होतें. युरेनियमचा एक क्षार पाण्यांत विरघळवून तें द्रावण पोलादी पात्रांत भरावयाचें. भोंवतीं ग्रॅफाइट, आणि त्याबाहेर काँक्रीटची जाड भिंत. प्रक्रिया बेसुमार वाढूं लागली कीं पाणी तापतें, त्यांत बुडबुडे उठतात, द्रावण विरळ होतें, आणि प्रक्रिया आपोआप मंदावते. जणूं उतूं जाणारें दूध स्वतःच चुलींतील जाळ कमी करतें! शिवाय भट्टीची शक्ति अवघी १० किलोवॅट, म्हणजे घरगुती विजेच्या दहा मोठ्या शेगड्यांएवढी होती. शिकविण्यास तेवढी पुरेशी होती.

५ सप्टेंबर १९५३ रोजीं ही भट्टी सुरू झाली. एखाद्या विद्यापीठानें स्वतः बांधून चालविलेली ही जगांतील पहिली अणुभट्टी. शांततेसाठीं अणूचा उपयोग करावा, असें राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचें प्रसिद्ध भाषण त्यानंतर तीन महिन्यांनीं झालें.

अशा भट्टीपाशीं विद्यार्थी काय शिकतो? न्यूट्रॉन शोषून घेणारा नियंत्रक दांडा तो थोडासा वर उचलतो, थांबतो, आणि मापकयंत्रावर न्यूट्रॉनांची संख्या मोजतो. पुन्हां थोडा उचलतो, पुन्हां मोजतो. त्या आंकड्यांचा आलेख काढून, दांडा कोठें आला असतां साखळी स्वतःच्या बळावर चालूं लागेल, तें तो आधींच सांगतो आणि मग पडताळून पाहतो. युरेनियमचे अणु फुटतांना बाहेर पडणाऱ्या हजार न्यूट्रॉनांपैकीं सुमारें साडेसहा न्यूट्रॉन तत्क्षणीं न निघतां कांहीं वेळानें निघतात, हें पुस्तकांतील एक वाक्य आहे. पण त्याच मूठभर उशिरा येणाऱ्यांमुळें मनुष्याच्या हाताला भट्टी आवरण्यास अवसर मिळतो, हें दांडा हातीं धरल्यावरच अंगीं मुरतें. धीर आणि भय यांचें योग्य प्रमाण तेथें शिकावयास मिळतें.

भट्टीनें शेवटचा धडा आपल्या दोषानें दिला. १९५५ सालीं इंधनाचें पात्र झिजून गळूं लागलें, आणि ती बंद करावी लागली. गणितानें बिनचूक ठरलेलें यंत्र धातूच्या कच्चेपणानें फसूं शकतें, हें ज्यांना पुढें मोठ्या वीजभट्ट्या सांभाळावयाच्या होत्या, त्यांना लहान भट्टीच्या आजारांतच कळलें, हें बरेंच झालें. कॉलेजानें मात्र हा मार्ग सोडला नाहीं. १९७२ सालीं त्याच आवारांत एक मेगावॅट शक्तीची 'पल्स्टार' ही भट्टी सुरू झाली.

मुंबईजवळ तुर्भें येथेंही क्रम हाच राहिला. ४ ऑगस्ट १९५६ रोजीं 'अप्सरा' ही भट्टी सुरू झाली, आणि पुढच्याच वर्षीं, १९५७ सालीं, विज्ञान व अभियांत्रिकी यांच्या पदवीधरांसाठीं तेथें प्रशिक्षणशाळा उघडली. शाळेच्या आधीं भट्टी आली, यांत मोठें शहाणपण होतें. ज्या विद्येंत चूक महाग पडते, ती विद्या शिकणाऱ्याच्या हातीं लवकर द्यावी लागते. मात्र देणाऱ्याची दृष्टि त्या हातावर खिळलेली असली पाहिजे.