आर्थिक मतदान

आर्थिक मतदान म्हणजे आर्थिक परिस्थितीच्या आधारे मतदाराने पक्षाची किंवा उमेदवाराची निवड करणे. रोजगार, महागाई, शेतमालाचा भाव, कर्ज आणि उत्पन्नाची शाश्वती हे या निवडीचे प्रमुख निकष मानले जातात. उत्पन्न वाढण्याच्या अपेक्षेइतकीच, किंबहुना अधिक, आहे ते उत्पन्न टिकण्याची म्हणजे आर्थिक स्थैर्याची अपेक्षा मतदाराच्या निर्णयामागे असू शकते. या लेखात संकल्पनेची ओळख करून देऊन पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे तालुक्यांच्या संदर्भात तिचा विचार केला आहे.

सैद्धांतिक पार्श्वभूमी

अँथनी डाउन्स यांनी १९५७ मध्ये मतदार आपल्या लाभाचा विचार करून मत देतो, अशी मांडणी केली. मॉरिस फिओरिना यांनी १९८१ मध्ये सरकारच्या मागील कामगिरीवरून होणाऱ्या मतदानाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. अभ्यासक साधारणपणे दोन भेद करतात :

• कालानुसार : मागील कारभारावरून केलेले पूर्वलक्षी मतदान आणि भविष्यातील अपेक्षेवरून केलेले भविष्यलक्षी मतदान.
• व्याप्तीनुसार : स्वतःच्या घरच्या परिस्थितीवरून केलेले मतदान आणि एकूण समाजाच्या किंवा देशाच्या परिस्थितीवरून केलेले मतदान.

भारतातील संदर्भ

१९९८ मध्ये कांद्याचे भाव भडकले असताना झालेल्या दिल्ली व राजस्थान विधानसभा निवडणुकांत तेथील सत्ताधारी भारतीय जनता पक्षाचा पराभव झाला. याउलट डिसेंबर २०२३ मध्ये घातलेल्या कांदा निर्यातबंदीमुळे भाव पडल्याची नाराजी उत्पादकांत होती. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत दिंडोरीसह नाशिक पट्ट्यात सत्ताधारी आघाडीला त्याचा फटका बसल्याचे मानले जाते. एकाच पिकाचा चढा भाव शहरी ग्राहकाला आणि पडता भाव शेतकऱ्याला अस्थिर करतो, हे या दोन उदाहरणांतून दिसते. लोकनीती–सीएसडीएसच्या २०२४ मधील निवडणूकपूर्व सर्वेक्षणात २७ टक्के मतदारांनी बेरोजगारी आणि २३ टक्के मतदारांनी महागाई हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा असल्याचे सांगितले होते.

भोर व वेल्हे

आर्थिक पार्श्वभूमी

भोर हे पूर्वी पंतसचिवांच्या संस्थानाचे मुख्य ठिकाण होते. वेल्हे हा सह्याद्रीच्या रांगांमधील विरळ वस्तीचा तालुका असून २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे ५४ हजार होती. २०२४ मध्ये या तालुक्याचे नाव ‘राजगड’ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. या भागातील शेती मुख्यतः पावसावर अवलंबून असून भात हे प्रमुख पीक आहे. भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, पानशेत आणि वरसगाव ही धरणे याच दोन तालुक्यांत आहेत. मात्र त्यांच्या पाण्याचा मोठा भाग खालच्या बाजूच्या तालुक्यांना आणि पुणे शहराला मिळतो. धरणांखाली जमिनी गेल्या, पाणी पुढे गेले आणि तरुण रोजगारासाठी पुणे, मुंबई व शिरवळच्या औद्योगिक पट्ट्याकडे गेले. त्यामुळे पाणी, पुनर्वसन आणि गावाजवळ रोजगार हे येथील निवडणुकांतील कायमचे प्रश्न आहेत. भोर तालुक्यातील उत्रौली येथील प्रस्तावित औद्योगिक वसाहतीचा प्रश्नही दीर्घकाळ चर्चेत आहे.

सहकारी संस्था आणि नेतृत्व

अनंतराव थोपटे यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिलेला राजगड सहकारी साखर कारखाना ही भोर तालुक्यातील महत्त्वाची आर्थिक संस्था आहे. सभासदांच्या उसाचे बिल, कामगारांचे पगार आणि तोडणी–वाहतुकीची कामे कारखान्याच्या गाळपावर अवलंबून असतात. अशा ठिकाणी आर्थिक स्थैर्याचा अर्थ देशाच्या विकासदरापेक्षा ‘कारखाना चालू राहील का’ या प्रश्नाशी अधिक जोडलेला असतो. संस्थेचे नेतृत्व आणि विधानसभेतील प्रतिनिधित्व एकाच घराण्याकडे असल्यास संस्थेच्या यशाचे श्रेय आणि तिच्या अडचणींचा दोष दोन्ही त्याच नेतृत्वाकडे जातात. आर्थिक अडचणीतील या कारखान्यासाठीच्या शासकीय हमीच्या कर्जाचा प्रश्न २०२४ मध्ये राजकीय वादाचा विषय ठरला.

२०२४ च्या दोन निवडणुका

भोर, वेल्हे आणि मुळशी हे तालुके मिळून भोर विधानसभा मतदारसंघ होतो. तो बारामती लोकसभा मतदारसंघाचा भाग आहे. ७ मे २०२४ रोजी झालेल्या लोकसभा मतदानात सुप्रिया सुळे यांनी सुनेत्रा पवार यांचा १,५८,३३३ मतांनी पराभव केला. भोर विधानसभा क्षेत्रातही सुळे यांना आघाडी होती.

त्यानंतर राज्य सरकारने पात्र महिलांना दरमहा १,५०० रुपये देणारी ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना सुरू केली. विधानसभा प्रचारात महायुतीने ही रक्कम २,१०० रुपये करण्याचे, तर महाविकास आघाडीने महिलांना दरमहा ३,००० रुपये देण्याचे आश्वासन दिले. २० नोव्हेंबर २०२४ च्या मतदानात काँग्रेसचे संग्राम थोपटे यांचा राष्ट्रवादी काँग्रेसचे (अजित पवार) शंकर मांडेकर यांनी १९,६३८ मतांनी पराभव केला. थोपटे २००९ पासून सलग तीन वेळा येथून निवडून आले होते. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी भारतीय जनता पक्षात प्रवेश केला.

अन्वयार्थ आणि मर्यादा

सहा महिन्यांत बदललेला हा कौल केवळ आर्थिक कारणांनी स्पष्ट होत नाही. लोकसभेची लढत पवार कुटुंबातील फुटीभोवती झाली होती. विधानसभेत तालुक्यांची अस्मिता, पक्षांतर्गत बंडखोरी आणि प्रदीर्घ काळ सत्तेत असलेल्या प्रतिनिधीविषयीची नाराजी हेही घटक होते. मुळशीत हिंजवडीसारखे माहिती तंत्रज्ञान केंद्र आणि पिरंगुटचा औद्योगिक पट्टा असल्याने तेथील मतदाराची आर्थिक चिंता वेल्ह्यातील भात उत्पादकापेक्षा वेगळी असते. दरमहा खात्यात जमा होणारी रक्कम घरखर्चाला तात्काळ आधार देते; कारखान्याचे पुनरुज्जीवन, सिंचन किंवा स्थानिक रोजगार यांचा परिणाम दिसण्यास अनेक वर्षे लागतात. त्यामुळे दोन्ही गोष्टी ‘स्थैर्य’ या एकाच शब्दाने ओळखल्या जात असल्या, तरी मतदानावर त्यांचा होणारा परिणाम भिन्न असू शकतो. शिवाय मतमोजणीच्या आकड्यांवरून कोणी कोणाला मत दिले याचा अंदाज येतो, का दिले याचा नाही. हेतू समजण्यासाठी मतदारांचे स्वतंत्र सर्वेक्षण आवश्यक असते.

हे सुद्धा पहा

• भोर विधानसभा मतदारसंघ
• बारामती लोकसभा मतदारसंघ
• सहकारी साखर कारखाना
• मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना