शंभर वॉटचा आवाज

माणदेशातल्या आमच्या घरी रेडिओ कोनाड्यात असायचा. त्यावर बाजारभाव यायचे, नाट्यगीतं यायची. पण आमच्या बायांची बोली कधी आली नाही.

फेब्रुवारी 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की प्रक्षेपणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. खटला क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाचा होता, पण दार सगळ्यांसाठी किलकिलं झालं. 2002 साली शिक्षणसंस्थांना बिगरव्यापारी रेडिओकेंद्र चालवायला परवानगी मिळाली. 2004 मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र बोलू लागलं. 2006 च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही वाट मोकळी केली. अटी मात्र कडक होत्या: नफा कमवायचा नाही, स्वतःच्या बातम्या द्यायच्या नाहीत, प्रक्षेपणाची शक्ती साधारण 100 वॉट. म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाएवढी.

त्या बळावर 2008 मध्ये म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली. आई सुपात ज्वारी पाखडत होती. रेडिओवर कुणी बाई शेळीच्या आजारावर बोलत होती, अगदी आमच्याच हेलात. आईचं सूप थांबलं. “ही तर आपल्यातलीच हाय की!” ती म्हणाली.

परवाना म्हणजे कागद खरा. पण त्या कागदाने आमच्या बोलीला मान दिला.