मोडलेल्या कडेची कुळकथा

लेथवरून उतरलेला जॉब नवख्या पोराने पुढे केला की मिस्त्री आधी कडेवरून अंगठा फिरवतो आणि म्हणतो, "चॅम्फर मार." कड हाताला कापू नये, आपटून टवका उडू नये, जोडाचा भाग सुरळीत आत जावा, एवढ्यासाठी हा उद्योग. शब्द जुन्या फ्रेंचमधला. 'शां' म्हणजे कड आणि पुढचा भाग 'मोडणे'चा. म्हणजे मोडलेली कड. त्याचा चुलतभाऊ बेव्हल. त्याचं नातं 'आ वासणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदाशी लावतात. हवा तो कोन धरणारं सुताराचं बेव्हल एकदा उघडून बघा, पटेल.

संगणकातल्या ठोकळ्याला ना हात लागतो ना धक्का. मग त्याची कड कशाला मोडायची? उजेडासाठी. खऱ्या टेबलाची कड कितीही टोकदार वाटली तरी किंचित गोल असते, आणि त्या गोलाईवर उजेडाची बारीक रेघ चमकते. बहुभुजांच्या मॉडेलमध्ये दोन पृष्ठं नुसत्या रेषेवर भेटतात. रेषेला रुंदी नाही, म्हणून चमकही नाही. नवशिक्याचं कपाट पुठ्ठ्याचं दिसतं ते यामुळे.

त्यात युटा विद्यापीठातल्या एका युक्तीने वेगळाच घोळ घातला. सपाट तुकड्यांचं पृष्ठ गुळगुळीत भासावं म्हणून आंरी गूरोने १९७१ मध्ये प्रत्येक शिरोबिंदूवर आजूबाजूच्या पृष्ठांच्या लंबांची, म्हणजे पृष्ठाचं तोंड कुठे आहे ते सांगणाऱ्या काटकोनी रेषांची, सरासरी घेतली आणि तिथला उजेड मधल्या भागात पसरवला. प्रयोगाला बायकोचाच चेहरा घेतला. बुई तुओंग फाँगने पुढे उजेडाऐवजी लंबच पसरवले. त्याचा निबंध १९७५ चा. चेहऱ्याला हे शोभलं. घनाला लावलं तर सपाट बाजू उशीसारख्या फुगलेल्या दिसतात.

म्हणून कडेच्या जागी अरुंद पट्टी घालायची, तोच बेव्हल. सरळ कडेवर ते सोपं. खरी परीक्षा कोपऱ्यावर, जिथे तीन पट्ट्या एकत्र येतात आणि मधे भोक उरतं. ब्लेंडर या त्रिमितीय मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बरीच वर्षं पृष्ठाला तीन किंवा चारच बाजू असू शकत, त्यामुळे असे कोपरे म्हणजे डोकेदुखी. एप्रिल २०१२ च्या २.६३ आवृत्तीत बीमेश ही पृष्ठांच्या जाळीची नवी रचना आली, कितीही बाजूंचं पृष्ठ चालू लागलं, आणि त्या पायावर बेव्हलचं अवजार नव्याने उभं राहिलं.

तरी फुगवटा पुरता जात नव्हता. चिंचोळ्या पट्टीचा लंब शेजारच्या मोठ्या बाजूच्या लंबाला आपल्याकडे ओढतो. त्यावर उतारा भारित लंबांचा: सरासरीत मोठ्या पृष्ठाचं मत जास्त धरायचं, म्हणजे सपाट ते सपाट राहतं आणि वळण सगळं पट्टीत मावतं. ब्लेंडरच्या २.८० मध्ये, २०१९ साली, हे आपोआप करणारा मॉडिफायरच मिळाला. त्यानंतरही कडेला आठ-दहा भाग पाडत बसणारे आहेत. माझ्या मते तो निव्वळ सोस. दूरच्या वस्तूला एक भाग पुरतो, जवळच्या वस्तूला दोन-तीन.

आणि पट्टी एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद आली, तर दोष बेव्हलचा नसतो. ठोकळा आधी ताणलेला असतो आणि ते स्केल तसंच राहिलेलं असतं. ऑब्जेक्ट मोडमध्ये कंट्रोल-ए दाबून स्केल लागू करा, मग कड मोडा.