शंभरातले पंच्याऐंशी

लावणी सुरू झाली की आपल्याकडे पान लागल्याच्या बातम्या यायला लागतात. 'साप चावला' असं आपण सहसा म्हणत नाही. रात्री तर त्याचं नावही घेत नाही, 'जनावर' म्हणतो. आज त्या जनावराबद्दल, आपल्या भगतांबद्दल आणि या दोघांचा अभ्यास करणाऱ्या माणसांबद्दल बोलायचं आहे.

एक प्रश्न आधीच विचारून टाकते. पान लागलेल्या माणसाला भगताकडे नेलं, मंत्र घातला, पाला चोळला, तर तो बरा होतो का? खरं उत्तर असं, की बहुतेक वेळा होतो. तुमच्यातल्या अनेकींनी ते डोळ्यांनी पाहिलेलं असेल. मग डॉक्टर उगाच ओरडतात का? उत्तरासाठी थोडं मागे जाऊ.

दीडशे वर्षांपूर्वी सापाच्या विषावर जगात कुणाकडेच औषध नव्हतं. जोसेफ फेरर नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १८७२ साली हिंदुस्थानातल्या विषारी सापांवर मोठा ग्रंथ छापला. त्यासाठी त्यानं सरकारी दप्तरातून मरणाचे आकडे मागवले होते. इंग्रजी मुलखाच्या काही भागापुरतेच आकडे मिळाले, तरी १८६९ या एका वर्षात ११,४१६ माणसं सर्पदंशानं गेल्याची नोंद निघाली. देशी पाले, विष ओढणारे दगड आणि विलायती औषधं असं सगळं त्यानं जनावरांवर तपासून पाहिलं. नागाच्या विषापुढे काहीच टिकलं नाही. म्हणजे त्या काळात पाड्यावरचा भगत आणि मुंबईचा साहेब डॉक्टर यांच्यात या बाबतीत काडीचाही फरक नव्हता. उलट भगत निदान रात्रभर उशाशी बसायचा.

फरक पडला तो १८९० नंतर. आल्बेर काल्मेत या फ्रेंच शास्त्रज्ञानं घोड्याला थोडं थोडं विष टोचलं. घोड्याच्या रक्तात विषाशी लढणारा पदार्थ तयार झाला. तो वेगळा काढून माणसाला टोचायचा, हीच ती सर्पदंशाची लस. पुढे आपल्या देशात कसौलीला आणि मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत ती बनू लागली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालणारी एकच लस आज आपल्याकडे मिळते. ती पावडरीच्या रूपातही येते. त्या कुपीला फ्रिज लागत नाही, म्हणून वीज गेली तरी ती खराब होत नाही.

आणि या लसीसाठी लागणारं विष कोण आणतं? तमिळनाडूतले इरुळा आदिवासी. १९७८ साली त्यांनी चेन्नईजवळ साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था काढली. ते साप पकडतात, विष काढतात आणि सापाला परत सोडून देतात. दवाखान्यातल्या त्या छोट्या बाटलीत रानातल्या माणसांची विद्या आहे, एवढं लक्षात असू द्या.

परळ आपल्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, पण लस तिथून पाड्यावर यायला फार काळ गेला. १९४५ साली के. जे. सावे यांनी वारल्यांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. वारल्यांचे देव, त्यांचे भगत आणि रीतिरिवाज यांची नोंद त्यात आहे. त्याच वर्षी गोदावरी परुळेकरांच्या बरोबर तलासरी-डहाणूकडचे वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. लग्नाच्या कर्जापायी ज्याला जन्मभर सावकाराकडे राबावं लागे, त्याला घरातलं माणूस आजारी पडलं म्हणून डहाणूला न्यायची सवड कोण देणार? आणि गाडीभाडं कुठून आणणार? अशा दिवसांत सुपात तांदळाचे दाणे टाकून 'कशाचं आहे' ते सांगणारा, हिरवा आणि हिमाय यांना हाक मारणारा भगत हाच एक जवळ होता. म्हणून आपल्या आज्यापणज्या त्याच्याकडे गेल्या, आणि त्यांना अडाणी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

१९६९ साली तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं. पुढे बोईसरला कारखाने आले, चाळी उठल्या, परप्रांतातून माणसं आली. तरी मोखाडा-जव्हारकडे माणसाला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणायचे दिवस सरले नाहीत. एकाच जिल्ह्यात दोन्ही आहे. बोईसरला आणखी एक जात आली, ती पोस्टरवरच्या बाबांची. लोकलच्या डब्यात त्यांचे कागद चिकटवलेले असतात: नवरा वश, नोकरी, मूलबाळ, सगळं चोवीस तासांत. यांना मी भगत म्हणत नाही. भगताला गाव ओळखतं. त्याची चूक झाली तर त्याला दुसऱ्या दिवशी त्याच विहिरीवर यायचं असतं. पोस्टरवरच्या बाबाचा फक्त फोन नंबर असतो.

आता रायगड जिल्ह्यातली गोष्ट, कारण तिचा धागा आपल्या डहाणूला येऊन मिळतो. १९७६ साली हिंमतराव बावस्कर हा तरुण डॉक्टर महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात आला. तिथे लाल विंचू चावलेली माणसं यायची, बरेचदा मांत्रिकाकडून फिरून आलेली. घाम सुटलेला, हातपाय गार, छातीत पाणी भरलेलं. बरीचशी मरायची. डॉक्टरांच्या पुस्तकात तरी यावर उपाय होता का? नव्हता. बावस्करांनी रात्र रात्र रोग्याजवळ बसून नाडी, रक्तदाब, श्वास सगळं लिहून ठेवलं. १९८२ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकानं त्यांचं निरीक्षण छापलं. पुढे त्यांनी रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची स्वस्त गोळी वापरून पाहिली. पूर्वी गंभीर रोग्यांपैकी शंभरातले चाळीस मरत, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. या कामात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर बरोबरीनं होत्या. पुढच्या लेखांवर दोघांची नावं आहेत. पेपरवाले त्यांचं नाव विसरतात, आपण विसरू नये.

याच बावस्करांना बरोबर घेऊन परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या लोकांनी डहाणू तालुक्यात सर्पदंशाचा अभ्यास केला. डॉ. राहुल गजभिये आणि त्यांचे सहकारी गावात बसले. त्यांनी आदिवासी बायाबापड्यांशी, आशाताईंशी, सर्पमित्रांशी, भगतांशी आणि सरकारी डॉक्टरांशी बोलून घेतलं. २०२१ साली तो अभ्यास छापून आला. मला तो दोन कारणांसाठी आवडतो. एक म्हणजे भगताला चोर ठरवून त्यांनी सुरुवात केली नाही. त्याचंही ऐकून घेतलं. चिंचोका किंवा लोहचुंबक लावलं की विष उतरतं, अशी समजूत लोकांनी सांगितली, ती त्यांनी न हसता लिहून घेतली.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. दवाखान्याच्या बाजूचीही उणीव त्यांनी लपवली नाही. सरकारची सर्पदंशाच्या उपचाराची ठरलेली पद्धत आहे, तिची माहिती बऱ्याच वैद्यकीय अधिकाऱ्यांना पुरेशी नव्हती. घोणस चावल्यावर पुढे काय काय बिघडतं, याबद्दलही त्यांचं ज्ञान कमी पडलं. आशाताईंना विषारी दंश ओळखणं आणि प्रथमोपचार नीट शिकवलेले नव्हते. म्हणजे एखादी बाई भगताला टाळून आरोग्य केंद्रात पोचली, तरी तिथे लस टोचायला हात कचरणारा डॉक्टर भेटू शकत होता. अशा वेळी घरच्यांचा विश्वास पुन्हा भगताकडे वळला, तर दोष एकट्या घरच्यांचा कसा?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येते. भगताकडे नेलेला माणूस बहुतेक वेळा का वाचतो? केंद्र सरकारच्या उपचार-सूचनांत याचा हिशोब आहे. शंभर माणसांना साप चावला, तर त्यातले सत्तर साप बिनविषारी असतात. धामण, दिवड, असेच. राहिले तीस. हे विषारी, पण त्यातले निम्मेच विष सोडतात. बाकीच्यांचा चावा कोरडा जातो. म्हणजे अंगात विष गेलं ते पंधरा जणांच्या. उरलेले पंच्याऐंशी काहीही केलं तरी जगणार होते. मंत्र घाला, चिंचोका लावा, नाहीतर नुसते अंगणात बसवून ठेवा.

हे पंच्याऐंशी भगताच्या नावावर जमा होतात. पंधरांतला कुणी गेला की 'त्याची वेळ भरली होती', 'आणायला उशीर केला' किंवा 'घरात विटाळ होता' असं होतं. शेवटचं तर बाईच्याच माथी येतं. भगत खोटं बोलतो असं नाही, त्यालाही तसंच वाटतं. कुणीच वही ठेवली नाही तर कुणालाही तसंच वाटेल. फेररनं, बावस्करांनी आणि डहाणूच्या मंडळींनी जे केलं, ते मुळात वही ठेवणंच आहे.

मग भगताकडे काहीच नाही का? आहे. त्याच सरकारी सूचनांतली पहिली पायरी आहे, रोग्याला धीर द्या. भगत येतो, हात धरतो, देवाचं नाव घेतो, घाबरलेलं माणूस शांत होतं. पण धीरानं विष उतरत नाही.

तपासणीतून कधी वेगळंच निघतं. तमिळनाडूतल्या एका देवळात जाऊन बंगळूरच्या मनोरोगतज्ज्ञांनी पाहणी केली, ती २००२ साली छापून आली. तिथे मनाचे गंभीर आजार असलेले ३१ जण नातेवाइकांसह राहिले होते. सरासरी सहा आठवडे. औषध नाही, मारझोड नाही, साखळ्या नाहीत. रोजची पूजा आणि हलकी कामं. त्यांच्या आजाराची लक्षणं सुमारे पाचव्या हिश्शानं कमी झाली. मनाच्या दुखण्याला माणसांची सोबत आणि श्रद्धा यांचा आधार मिळतो, हे तिथे मोजून दिसलं. उलट अमेरिकेत हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या १,८०२ रोग्यांवर झालेला अभ्यास २००६ साली छापून आला. काहींसाठी दूरवरून अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, काहींसाठी नाही. शरीराच्या गुंतागुंतीत प्रार्थनेचा काही फायदा दिसला नाही.

झाडपाल्याचंही तसंच. सर्पगंधा नाव ऐकलं असेल, सापाच्या विषावर म्हणून पूर्वी वापरायचे. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम वकील यांनी ती वाढलेल्या रक्तदाबावर देऊन निकाल छापला आणि जगभर तिचं नाव झालं. विषावर नाही, रक्तदाबावर. वैदूच्या पिशवीत मोलाची मुळी होती, फक्त ती कशावर चालते ते तपासावं लागलं.

साप मात्र वेळ देत नाही. सगळ्यांत फसवी मण्यार. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, घशात अडकल्यासारखं होतं, पापण्या मिटू लागतात, बोबडी वळते. घरचे म्हणतात बाहेरचं झालं, आणि भगताला बोलावतात. पावसाळ्यात पहाटे अशी पापणी पडताना दिसली, तर साप पाहिला नसला तरी थेट दवाखाना. दोरी आवळू नका, चिरू नका, चोखू नका. हात किंवा पाय काठीला सैलसर बांधून हलू देऊ नका, १०८ ला फोन करा, गाडी यायला वेळ असेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवा. दवाखान्यात काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवतात. ते गोठलं नाही तर घोणस किंवा फुरशाचं विष चढलंय असं समजतात. ही तपासणी केली का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

कायद्याचंही सांगते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्र-तंत्र, गंडेदोरे करणं हा त्यात गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. 'रोखून' हा शब्द नीट ऐका. गाडीत बसवताना अंगारा लावला म्हणून कुणी कुणाला पकडत नाही.

मेळघाटात भूमकांना, म्हणजे तिथल्या भगतांना, रोगी दवाखान्यात पाठवल्याबद्दल मानधन द्यायची रीत सरकारनं करून पाहिली आहे. आपल्या बचत गटांना पैशावाचूनही करता येईल असं एक काम आहे. लावणीच्या आधी गटाच्या बैठकीला आशाताई आणि गावचा भगत, दोघांना एकत्र बोलवा. आपल्या आरोग्य केंद्रात लसीच्या किती कुप्या आहेत, रात्री डॉक्टर असतात का, नसतील तर पुढचं रुग्णालय कोणतं आणि रात्री गाडी कुणाची मिळेल, हे चौघींनी जाऊन विचारून या. भगताच्या घरी भिंतीवर १०८ हा आकडा आणि त्या गाडीवाल्याचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहा. पान लागलेलं माणूस पहिल्यांदा तिथेच येतं.